मामांची लाईन क्लिअर

आमच्या निपाणीच्या मामांइतका भित्रा माणूस वेदगंगेपासून मलप्रभेपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभी हयात त्यांनी वीज खात्यात लाईनमन म्हणून काढली. हे ऐकलं की लोकांना आधी हसू येतं. ज्याचं सगळं आयुष्य अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली गेलं, त्यानं असं भ्यायचं कशाला? पण मामांचं म्हणणं नेमकं उलटं असतं. "न भिणारं लाईनमन मी बी लई बघितल्यात," ते म्हणतात, "त्यांच्या फोटूला हार घालाय बी मीच गेलतो." एवढं बोलून मामा पुन्हा निवांत भ्यायला मोकळे होतात.

त्यांच्या भीतीत लहानमोठं, डावं-उजवं असं काही नाही. आत्यानं कुकर लावला की मामा अंगणात जाऊन उभे राहतात आणि तिथून शिट्ट्या मोजतात. तिसऱ्या शिट्टीला जरा उशीर झाला की "अगं, भाईर ये, त्येचं काय खरं न्हाय" अशी हाक जाते. छताच्या पंख्याखाली ते आजवर झोपलेले नाहीत. त्यांची खाट भिंतीला लागून असते आणि वारा मोकळ्या फरशीला लागतो. बेळगावजवळ पिरनवाडीला आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट चालू असताना मामा जिन्यानं येतात आणि प्रत्येक मजल्यावर दम खात म्हणतात, "दोराला लोंबकाळणाऱ्या पेटीत माणूस आपल्या पायानं जातंय, ह्येचं मला लई नवल वाटतंय." बसमध्ये ते संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशीच बसतात आणि बस सुटायच्या आधी त्याचा दांडा हलवून बघतात. एकदा तो हलवता हलवता दार खरंच उघडलं. कंडक्टर कानडीतून बराच वेळ बोलला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार उघडतंय याचं समाधान मानून ते संकेश्वरपर्यंत छान झोपले.

माझ्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. अंतरपाटामागं मी उभा, अक्षता वाटून झालेल्या, आणि मामांची नजर मांडवाच्या माळांवर. एका जोडाला चिकटपट्टी नव्हती. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि माइक बंद, दिवे बंद, पंखे बंद. मांडववाल्याची माणसं फ्यूज शोधत धावली तर फ्यूज जागेवर नाही. तो मामांच्या खिशात होता. लाईनवरचा नियमच आहे तो. काढलेला फ्यूज बाहेर ठेवायचा नाही, खिशात घालायचा. बाहेर ठेवला तर कुणीतरी शहाणा येऊन तो परत बसवतो आणि वरचा माणूस जातो. माझं लग्न घामानं निथळत, खड्या आवाजात आणि अर्ध्या अंधारात लागलं. फोटोत सगळे वऱ्हाडी वर बघताहेत, एकटे मामा प्रसन्न आहेत.

पण मामांच्या भीतीचं खरं शास्त्र म्हणजे 'लाईन क्लिअर'. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करायचा, ती लाईन बंद करून घ्यायची. तिकडचा माणूस 'लाईन क्लिअर' म्हणाला की वेळ वहीत लिहायची आणि मगच शिडीला हात लावायचा. काम झालं, सगळी माणसं खाली उतरली, मोजून झाली, की पुन्हा फोन करून सांगायचं, 'लाईन क्लिअर परत'. त्याशिवाय तिकडं कुणी बटण चढवायचं नाही. मामा निवृत्त झाले तरी लाईन क्लिअर निवृत्त झाली नाही. न्हाणीघरात जाताना ते आत्याला विचारतात, "गिझर बंद? लाईन क्लिअर?" आणि बाहेर येऊन ती परत करतात. एकदा परत करायची विसरले, तर आत्यानं दुपारपर्यंत गिझर लावला नाही आणि स्वतः थंड पाण्यानं अंघोळ केली. "संसार म्हंजे सबस्टेशनातली नोकरी हाय माझी," असं ती म्हणते, पण नियम तीही पाळते.

मामांचा जोडीदार म्हणजे आप्पा. बोरगावचे. खात्यात सगळी वर्षं दोघं जोडीनं होते आणि निपाणीत त्यांची घरंही भिंतीला भिंत लावून होती. आप्पांना भीती कशी ती ठाऊक नव्हती, म्हणून आप्पा वर आणि मामा खाली अशी वाटणी आपोआप पडली होती. काहीही करण्याआधी मामा खालून ओरडत, "आप्पा, ऐकू आलं काय?" वरून उत्तर यायचं, "आलं रं." ते 'आलं रं' कानावर पडेपर्यंत मामा दोरीला, शिडीला, कशालाच हात लावत नसत. वाऱ्यात आप्पांचा आवाज उडून गेला तर मामा पाच-पाच मिनिटं तसेच मान वर करून उभे राहत. सेक्शनचे साहेब जीपमधून डोकं बाहेर काढून म्हणत, "हेदरबेडी, हेदरबेडी." म्हणजे भिऊ नका, भिऊ नका. मामा जागचे हलत नसत. भिऊ नका म्हणणारा साहेब जीपमध्ये होता आणि आप्पा तारेवर होते.

मी बेळगावच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये काम करतो. गेल्या दिवाळीत लॅबमधून निकालात निघालेली संगणकाची एक पेटी मी पुसूनबिसून मामांना नेऊन दिली. व्हायरसच्या भीतीनं त्यांनी तोवर संगणक घरात येऊ दिला नव्हता, म्हणून मी त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, "मामा, ह्याला व्हायरसचा त्रास नाही. यात भ्यायचं काही नाही." ते वाक्य मला पुढं फार महागात पडलं. मामांनी रबरी चपला घातल्या, लाकडी पाटावर पाय ठेवले आणि कळफलकाला आधी उलट्या हातानं स्पर्श केला. तळहात लावला आणि वीज असली तर बोटं आवळली जातात, सुटत नाहीत. उलटा हात झटका बसून मागं येतो. कळफलकाला झटका नव्हता. मग त्यांनी नवी वही काढली, उभ्या रेघा मारल्या आणि त्या दिवसापासून मला रोज फोन येऊ लागले. "टेबलावरचं चित्र बदलू काय? लाईन क्लिअर?" मी परीक्षेच्या गडबडीत असलो तरी "क्लिअर" म्हणायचो. दहा मिनिटांनी परत, "बदललं. लाईन क्लिअर परत."

आप्पांनी निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. मी मामांची पेटी बिनतारी जोडणीनं आप्पांच्या प्रिंटरला जोडून दिली. प्रिंटरला नाव द्यायचं असतं, मामांनी 'आप्पा' दिलं. मग काय विचारता, गल्लीभर कागद लागले. 'ओल्या हातानं बटण लावू नये.' 'तारेवर धुणं वाळत घालू नये.' मामा इकडं छापायला पाठवत आणि भिंतीला तोंड लावून ओरडत, "आप्पा, ऐकू आलं काय?" पलीकडे मशीन घरघरायचं, कागद पडायचा आणि भिंतीतून उत्तर यायचं, "आलं रं." रोज सकाळी चहा झाला की मामा सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरांची यादी उघडत आणि 'आप्पा' या नावाखाली 'तयार' असं लिहिलेलं बघून घेत. मगच पेपर हातात.

संक्रांतीच्या आठवड्यात आप्पा गेले. तारेनं नाही, खांबावरूनही नाही. घरी खाटेवर, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दहावा झाल्यावर त्यांच्या मुलांनी मशीन पुण्याला नेलं आणि दुकानाचं शटर ओढलं. महिनाभर मामांचा एकही फोन आला नाही, तेव्हा मीच घाबरलो. मग एके दिवशी फोन आला. "मराठीत मोठं काय तरी लिवायचं हाय. लाईन क्लिअर?"

ते मोठं म्हणजे पुस्तिका होती. खात्यात नवे लोक येत होते, ठेकेदाराकडचे, चार दिवसांचं शिक्षण घेऊन थेट खांबावर. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या तोडायचं काम निघतं, त्यासाठी अठरा जणांची तुकडी मे महिन्यातल्या एका सोमवारी वर चढणार होती. मामा सेक्शनच्या नव्या साहेबांना जाऊन भेटले आणि चढायच्या आधी मला अर्धा तास द्या म्हणाले. साहेब भले, त्यांनी दिला. त्या अर्ध्या तासात प्रत्येकाच्या हातात मामांना काहीतरी द्यायचं होतं. आपण आयुष्यभर कशाकशाला भ्यालो ते सगळं त्यांनी क्रमवार लिहायला घेतलं. पहिला नियम, भ्यायला लाजायचं नाही. दुसरा, तार मेलेली आहे असं कुणी सांगितलं तर आधी त्यालाच हात लावायला सांगा. सातवा, वर गेलेल्या माणसाला हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत कशालाही हात लावू नका. एका बोटानं टंकत त्यांनी तीन महिने घेतले. मराठी पुरं झालं. तुकडीतले निम्मे लोक विजापूरकडचे, म्हणून मागच्या बाजूला तेच कानडीत हवं होतं. कानडी त्यांना चांगली येते. पेटीत फक्त कानडी कळफलक जोडायचा राहिला होता. तो सेटिंगमध्ये जोडतात. सोमवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी मला विचारलं, "सेटिंग उघडू काय?" आणि मी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दाराशी उभा राहून, न ऐकल्यासारखं "क्लिअर" म्हणालो.

साडेअकराला आत्याचा फोन. "अरं, तुझं मामा सकाळधरनं त्या पेटीम्होरं बसल्यात. च्या न्हाय, पानी न्हाय. मला बी खोलीत येऊ देईनात. त्वांड पांढरं पडलंय बघ त्यांचं." मी म्हटलं त्यांना दे. मामा अगदी हळू बोलत होते, पेटीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

"सेटिंग उघडलं आन् थांबलं. पडदा राखाडी झालाय. 'सेटिंग प्रतिसाद देत नाही' असं लिवलंय. खाली दोन बटनं. एक 'थांबा', एक 'बंद करा'."

"मग 'बंद करा' दाबा की मामा."

"मी 'थांबा' दाबलंय. जरा वेळानं त्ये परत इचारतंय, मी परत 'थांबा' म्हणतोय. सकाळधरनं ह्येच चाललंय."

मला हसू येत होतं. ते पुढच्याच प्रश्नाला आटलं. मी विचारलं, "पुस्तिका सेव्ह केलीय ना?"

"न्हाय. सेव्ह केलं की जुनं पुसून नवं बसतंय असं तूच म्हणलतास. नवं चुकीचं असलं म्हंजे? मी महिनाभर तसंच उघडं ठेवलंय. पेटी बंदच केली न्हाय."

महिनाभराची दुरुस्ती, नियम पाच ते एकवीस, सगळं नुसतं पडद्यावर लोंबकळत होतं. असल्या यंत्रात मधूनमधून आपोआप प्रत ठेवायची सोय असते, पण पेटी जुनी, हळू चालते, म्हणून ती मीच बंद करून दिली होती. महिनाभर वीज गेली नव्हती हे नशीब, कारण गेली असती तर पेटीला धरून ठेवणारी बॅटरीही नव्हती. पेनड्राइव्ह मामांनी कधी घरात येऊ दिला नव्हता. मी म्हटलं, "मामा, घाबरू नका. पुस्तिकेच्या खिडकीत जा आणि कंट्रोल धरून एस दाबा. दोन बोटांचं काम आहे."

"वर माणूस असताना खाली दुसरं बटन दाबू?"

"वर कोण आहे मामा? यंत्र आहे ते."

"यंत्र कुणाची तरी वाट बघतंय. कुणाची, त्ये कळल्याबिगर मी हात लावणार न्हाय." आणि मग त्याच दबक्या आवाजात ते म्हणाले, "आन् ऐक. मावळतीला काळं आलंय. वारं सुटलं की पाव तासात फीडर जातंय, सगळ्या गल्लीची लाईट जाती. मी उगंच म्हणत न्हाय."

मामा हवामानाबद्दल उगाच काही म्हणत नाहीत. आप्पांना त्यांनी असंच कितीदा खाली उतरवलं होतं. मी परीक्षा सहकाऱ्याच्या गळ्यात मारली आणि मिळेल ती बस धरली. त्या प्रवासात मी मामांसारखा बसलो होतो, दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून. हत्तरगीच्या पुढं खिडकीतून आभाळ दिसलं, कढईच्या बुडासारखं. रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे अजून हलत नव्हते. मी सारखा त्यांच्याकडे बघत होतो. 'यात भ्यायचं काही नाही' हे माझंच वाक्य मला आठवत होतं आणि त्या माणसाला खोटं सांगितल्याची भीती वाटत होती. बाकी कुणाला सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. मामांनी मात्र आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून न भ्यायचं ठरवलं होतं, ते माझं.

घरात शिरलो तर आत्या सोप्यात पदराचं टोक चावत उभी होती. आत मामा पाटावर पाय, गुडघ्यांवर हात, नजर पडद्यावर. चेहरा खरंच उतरला होता. मी पुढं झालो तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात मागं बांध. आदी नुसतं बघ."

मी लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, पण पाठीमागं हात बांधून संगणक कधी दुरुस्त केला नव्हता. वाकून बघितलं. राखाडी पडद्यात अक्षरं अंधुक झाली होती, मामांच्या चष्म्याला दिसली नसती अशी. सेटिंगच्या खिडकीत डाव्या बाजूला 'प्रिंटर' या ओळीवर पट्टा होता. उजवीकडे यादीत एकच नाव, आणि त्याच्याखाली, 'शोधत आहे'.

मला एकदम उलगडलं. हे सेटिंग मागच्या वेळी जिथं उघडं होतं तिथंच परत जाऊन उघडतं. मामांनी ते शेवटचं कधी उघडलं असेल? आप्पा होते तेव्हा, सकाळी चहानंतर. त्यानंतर चार महिने तिकडं फिरकलेच नसतील. आज कानडीसाठी उघडलं आणि ते आपल्या जुन्या जागी गेलं, भिंतीपलीकडच्या मशीनला हाक मारली आणि उत्तराची वाट बघत बसलं. मशीन पुण्याला. उत्तर कुठून येणार?

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

सांगायचं मला धाडस होईना. बाहेर खिडकीचं एक दार हळूच आपटलं. मग मी सांगितलं. "मामा, ते आप्पांना शोधतंय. सकाळपासून आप्पांना हाक मारतंय. उत्तर येत नाही, म्हणून थांबलंय."

मामांनी माझं मनगट सोडलं नाही. ते पडद्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे. खिडकीचं दार पुन्हा आपटलं, आता जोरात, आणि आत्या बाहेरून "वारं सुटलं हो" म्हणाली. मला ओरडावंसं वाटत होतं की मामा, हात सोडा, फीडर जाईल, सगळं जाईल.

"मग त्येचं बराबर हाय," मामा शेवटी म्हणाले. "आपल्याच पद्धतीनं चाललंय. चांगलं यंत्र हाय रं." मग त्यांनी वही जवळ ओढली, घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. वारा अंगणातलं पातेलं फरफटत नेत होता आणि ते वेळ लिहीत होते. "मी सांगतो तुला. आप्पा वर न्हाय. लाईन क्लिअर. कर काय करायचं त्ये."

मी झेप घातली, पुस्तिकेच्या खिडकीत गेलो, दोन बोटं दाबली. कोपऱ्यात सेव्हची पट्टी सरकायला लागलेली दिसली आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. पंखा थांबत गेला. सगळ्या गल्लीतून एकदम "गेली" असा आवाज उठला.

पट्टी पुरी झाली की नाही, ते मला दिसलं नव्हतं.

मामा उठले, सरळ मीटरपाशी गेले, घरातला मुख्य फ्यूज काढला आणि खिशात घातला. आत्यानं चहा केला, तो तिघांनी तसाच ठेवला. वारा आडवातिडवा सुटला होता, पाऊस मात्र आला नाही. मी मनातल्या मनात नियम आठवायचा प्रयत्न केला. सात-आठच्या पुढं मला येईनात. मामांना कदाचित सगळे येत असतील, पण विचारवेना. परवा सोमवार, आणि अठरा माणसं. मी म्हटलं, "मामा, माझी चूक झाली. भ्यायचं काही नाही असं मी म्हणायला नको होतं."

मामा आपल्याशीच बोलल्यासारखं बोलू लागले. "गुंजी गावाच्या बाजूला एकदा कामाला गेलतो. लाईन क्लिअर घेतल्याली. आप्पा वर. मला कसंतरीच वाटाय लागलं. कारन काय न्हाय. मी म्हनलं, आप्पा, खाली ये. त्यो शिव्या घालतच आला. पाय टेकला आन् वर तार भाजल्यागत वाजली. तिकडं कुणीतरी न इचारता बटन चढवल्यालं. त्यानंतर आप्पा लग्नाकार्यात सगळ्यांना सांगायचा, ह्येच्या भीतीवर मी जगतोय म्हणून. मला लई लाज वाटायची. आता वाटतंय, त्यो एकटाच मला भिऊ नगो असं कवा म्हणला न्हाय."

अंधारात मला मामांचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते बरंच झालं. एवढी वर्षं आम्ही सगळे या माणसाला हसत होतो. पुढं कुणाचं काही वाईट होऊ नये म्हणून तो आमच्या वाटणीचंही भ्यायला तयार होता, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं आणि वाईट वाटलं.

पाचच्या सुमारास गल्लीत दिवे आले. आमच्याकडे अंधारच, कारण फ्यूज खिशात. "दहा मिनटं जाऊ दे, लाईन ठरू दे," मामा म्हणाले. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. शेवटी त्यांनी फ्यूज बसवला, पेटी सुरू झाली, एकेक चित्र उगवलं. मी पुस्तिका उघडली. मामांनी डोळे मिटून घेतले होते. मी शेवटपर्यंत सरकत गेलो आणि मोठ्यानं वाचलं, "नियम एकविसावा. घरी सांगून जा, परत आलो की आलो म्हणून सांगा." आत्या दारातच खाली बसली.

बाकीचं काम किरकोळ होतं. सेटिंग पुन्हा उघडलं तर ते पुन्हा त्याच जागी जाऊन अडकलं. ते बंद करून मी काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा लिहिली, की शेवटी कुठं होतास ते विसर. मग ते सरळ उघडलं. कानडी कळफलक जोडला. प्रिंटरच्या बाजूला बोट दाखवून मी विचारलं, "हे नाव काढून टाकू का मामा? नाहीतर पुन्हा कधीतरी तिथं गेलात तर अडकेल."

"राहू दे," मामा म्हणाले. "मी तिकडं जाणार न्हाय. पर नाव राहू दे."

रविवारभर त्यांनी कानडी टंकलं. मी नवाकोरा पेनड्राइव्ह आणला होता, त्याला त्यांनी आधी उलटा हात लावून बघितला. बाजारातल्या दुकानात प्रती काढल्या. कानडी बाजूचा पहिला शब्द मी लावून लावून वाचला. 'हेदरबेकू.' भ्यायला पाहिजे. इतकी वर्षं साहेबांचं 'हेदरबेडी' ऐकून घेतलेल्या माणसानं ते ठळक अक्षरात घेतलं होतं.

सोमवारी मी बेळगावला परतलो होतो, पण दिवसभर कामात लक्ष नव्हतं. तिकडं निपाणीत अठरा माणसं खांबांवर होती आणि मी लॅबमधल्या पंख्याकडे बघून धसकत होतो. वारा जरा सुटला की खिडकीशी जात होतो. हा रोग मामांकडून आला हे मला समजत होतं, आणि तो बरा व्हावा असं काही मला वाटत नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. मामांचा आवाज थकलेला होता.

"उतरली सगळी. मी मोजली, दोनदा. शनिवारी सकाळी तुझ्याकडनं घेतल्याली लाईन क्लिअर वहीत तशीच राहिल्याली. ती परत करतोय." आजूबाजूला माणसं बोलत असावीत, गाडीचा आवाज येत होता. मामा मोठ्यानं म्हणाले, "ऐकू आलं काय?"

मी काही विचार केला नव्हता. तोंडातून निघून गेलं. "आलं रं."

पलीकडे एकदम शांत झालं. आपण मोठ्या माणसाला काय बोलून बसलो या भीतीनं मी फोन कानाला घट्ट धरून उभा राहिलो. मामा बोलेनात. ठेवूनही देईनात. त्यांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, मान वर करून उभ्या असलेल्या माणसाचा येतो तसा.

मग ते हळूच म्हणाले, "बरं." आणि वहीत वेळ लिहिल्याचा, कागदावर पेन ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.